गुणवत्तेचा शिक्का आणि कॉलेजचे दार : अमेरिकेतील अधिस्वीकृती, समान प्रवेश आणि सुरक्षितता यांचा इतिहास (थ्रेड)

१.
अमेरिकेतील जवळपास प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात, बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टायपात तीन विधाने छापलेली असतात. या संस्थेस अमुक मंडळाची अधिस्वीकृती आहे. ही संस्था वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, लिंग, अपंगत्व किंवा वय यांवरून भेदभाव करीत नाही. आवारातील गुन्ह्यांची माहिती देणारा वार्षिक सुरक्षा अहवाल मागेल त्याला मिळेल.

२.
महाराष्ट्रातून तिकडे शिकण्यास जाणारा विद्यार्थी शुल्क, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांच्या धावपळीत ही विधाने सहसा वाचत नाही. वाचली तरी ती एकाच वेळी, एकाच कारकुनाने लिहिल्यासारखी वाटतात. वस्तुतः पहिल्याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आहे, दुसऱ्याचे १९६४ मध्ये आणि तिसऱ्याचे १९९० मध्ये. जवळजवळ ऐंशी वर्षे एखादे कॉलेज 'उत्तम' ठरताना त्याचे दार कोणासाठी बंद आहे, हे विचारलेच जात नव्हते. तो प्रश्न मान्यतेशी कसा जोडला गेला, त्याचा हा इतिहास.

३.
अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. मंत्रिमंडळात स्थान असलेले स्वतंत्र शिक्षण खाते तर १९८० साली सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात राज्याकडून सनद मिळवून कोणीही 'कॉलेज' उघडावे, अशी स्थिती होती. काही ठिकाणी ग्रीक-लॅटिनचे सखोल अध्ययन चाले, तर काही ठिकाणी हायस्कुलाच्या वर्गांनाच कॉलेज म्हटले जाई. एका कॉलेजची पदवी दुसऱ्याने कशाच्या आधारे मानावी, याला सर्वमान्य निकष नव्हता.

४.
हा गोंधळ सरकारने नव्हे, तर शाळा-कॉलेजांनीच एकत्र येऊन सोडविण्यास घेतला. १८८५ मध्ये न्यू इंग्लंडची, १८८७ मध्ये मध्य-अटलांटिक राज्यांची आणि १८९५ मध्ये उत्तर-मध्य व दक्षिण विभागांची अशा प्रादेशिक संघटना स्थापन झाल्या. उत्तर-मध्य संघटनेने १९१३ मध्ये अधिस्वीकृत कॉलेजांची पहिली यादी प्रसिद्ध केली. भारतात आज 'नॅक'मुळे परिचित असलेली पद्धत, म्हणजे संस्थेने स्वतःचा अहवाल लिहावा आणि इतर संस्थांतील प्राध्यापकांच्या समितीने येऊन तो पडताळावा, हिची मुळे या संघटनांत सापडतात.

५.
या समित्या काय पाहत? ग्रंथालयातील पुस्तके, प्रयोगशाळा, प्राध्यापकांच्या पदव्या, संस्थेचा निधी, प्रवेशासाठी लागणारे शालेय शिक्षण. हे सारे आवश्यकच होते. विद्यार्थी कोण आहेत आणि कोण नाहीत, हा रकाना मात्र तपासणीत नव्हता. त्याची किंमत कोणी मोजली, हे सर्वांत आधी वैद्यकीय शिक्षणात दिसून आले.

६.
१९१० मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध केला. फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांना भेटी दिल्या होत्या. शवविच्छेदनाची सोय नाही, रुग्णालयाशी संबंध नाही, शुल्क भरले की पदवी, अशा शाळांची त्यांनी नावे घेऊन झाडाझडती केली. अहवालानंतर अनेक शाळा बंद पडल्या किंवा मोठ्या विद्यापीठांत विलीन झाल्या. अमेरिकन वैद्यकशास्त्राच्या पुढील प्रतिष्ठेचा पाया या अहवालाने घातला, असे मानले जाते आणि त्यात तथ्यही आहे.

७.
त्याच अहवालाची दुसरी बाजू अशी : त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय शाळा होत्या. फ्लेक्सनर यांनी त्यांपैकी वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहॅरी या दोनच टिकवाव्यात, अशी शिफारस केली. १९२३ पर्यंत खरोखरच या दोनच उरल्या. बंद पडलेल्या शाळांकडे पैसा नव्हता, इमारती अपुऱ्या होत्या, हे खरे. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांना शेजारची सुसज्ज गोरी विद्यापीठे प्रवेश देत नव्हती. निकष सर्वांना सारखा लावला गेला. तो पूर्ण करण्याची साधने मात्र सारखी वाटलेली नव्हती.

८.
स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडले. अहवालाच्या वेळी केवळ स्त्रियांसाठी असलेली तीन वैद्यकीय कॉलेजे होती. पुढे त्यांतले एकच तगले. ते म्हणजे १८५० मध्ये स्थापन झालेले फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी याच कॉलेजातून एम.डी. झाल्या. १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर याही तेथूनच डॉक्टर झाल्या. पुरुषांची बहुसंख्य कॉलेजे स्त्रियांना दारात उभे करीत नव्हती, तेव्हा परदेशी स्त्रीलाही प्रवेश देणारी ही संस्था होती. अशी दारे मुळातच मोजकी असल्याने त्यांतले प्रत्येक बंद होणे महाग पडे.

९.
दक्षिणेकडील राज्यांत भेद अधिक उघड होता. दक्षिण विभागाची संघटना १८९५ ची. पण कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचे मूल्यमापन तिने १९३० पर्यंत केलेच नाही. यादीत नाव नाही म्हणून त्या कॉलेजांच्या पदवीधरांना पुढील शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अडचणी येत. १९३० नंतर संघटनेने मूल्यमापन सुरू केले, तेही वेगळ्या यादीत. फिस्क विद्यापीठास सर्वप्रथम 'अ' श्रेणी मिळाली. संघटनेचे सभासदत्व मात्र मिळाले नाही. कृष्णवर्णीय कॉलेजांना पूर्ण सभासद म्हणून घेण्यास १९५७ साल उजाडावे लागले. बसगाड्यांत आणि शाळांत होते तसेच विभाजन गुणवत्तेच्या यादीतही होते.

१०.
याच संघटनेच्या इतिहासात १९४१ मध्ये जॉर्जिया राज्यात एक असाधारण प्रकरण घडले. गव्हर्नर युजीन टॅलमेज हे वंशविभाजनाचे कडवे समर्थक. जॉर्जिया विद्यापीठातील शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचे अधिष्ठाता वॉल्टर कॉकिंग यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षणार्थींना एकत्र आणणारी सराव शाळा काढण्याचा विचार मांडल्याचा आरोप झाला. टॅलमेज यांनी त्यांच्या बडतर्फीची मागणी केली. स्टेट्सबरो येथील शिक्षक महाविद्यालयाचे अध्यक्ष मार्विन पिटमन हेही त्याच रोषाचे धनी झाले.

११.
राज्याच्या विद्यापीठांचा कारभार पाहणाऱ्या नियामक मंडळाने चौकशीनंतर कॉकिंग यांना काढण्यास नकार दिला. तेव्हा टॅलमेज यांनी मंडळातील काही सभासदच बदलले. जुलै १९४१ मध्ये नव्या मंडळाने कॉकिंग आणि पिटमन या दोघांनाही बडतर्फ केले. डिसेंबरात दक्षिण विभागाच्या संघटनेने उत्तर दिले : राज्याच्या गोऱ्यांसाठी असलेल्या दहा सरकारी संस्थांची अधिस्वीकृती काढून घेण्यात आली.

१२.
परिणाम थेट घराघरांत पोहोचला. मान्यता नसलेल्या कॉलेजातील अभ्यास दुसऱ्या विद्यापीठाने का धरावा? वैद्यकीय किंवा विधी शिक्षणासाठी परराज्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे काय होणार? विद्यार्थ्यांनी मोटारींचे मोर्चे काढले, गव्हर्नरांच्या पुतळ्यास फाशी दिली. १९४२ च्या निवडणुकीत एलिस आर्नल यांनी हाच मुद्दा प्रचाराच्या केंद्रस्थानी आणला आणि टॅलमेज पराभूत झाले. १९४३ मध्ये नियामक मंडळ गव्हर्नरांच्या हस्तक्षेपापासून मुक्त करण्यात आले आणि मान्यता परत मिळाली.

१३.
वरवर पाहता हा वंशवादाचा पराभव वाटतो. संघटनेचा आक्षेप मात्र राजकीय हस्तक्षेपावर होता, वंशविभाजनावर नव्हता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारणे हे अधिस्वीकृतीच्या आड येत नव्हते. जॉर्जिया विद्यापीठात शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश झाला तो जानेवारी १९६१ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने. म्हणजे मान्यता परत मिळाल्यानंतरही सुमारे अठरा वर्षे हे विद्यापीठ पूर्णतः मान्यताप्राप्त आणि पूर्णतः गोऱ्यांचेच राहिले.

१४.
१९६२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ यांच्या प्रवेशावरून दंगल उसळली. दोन माणसे मारली गेली आणि आवारात केंद्राचे सैन्य आणावे लागले. गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी प्रवेश रोखण्यासाठी विद्यापीठाचा कारभार हाती घेतल्यामुळे संघटनेने राज्यातील सरकारी संस्थांना विशेष देखरेखीखाली ठेवले. येथेही आक्षेप हस्तक्षेपाचाच होता. कॉलेजची स्वायत्तता जपण्याचे सामर्थ्य अधिस्वीकृतीत आहे, हे दोन्ही प्रकरणांत दिसले. बंद दार उघडण्यासाठी मात्र वेगळ्या तरफेची गरज होती.

१५.
ती तरफ म्हणजे केंद्र सरकारचा पैसा. १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. लगोलग त्या पैशासाठी उघडलेल्या बनावट शाळांचे पीक आले. म्हणून कोरियन युद्धातील सैनिकांसाठी १९५२ मध्ये केलेल्या कायद्यात विश्वासार्ह अधिस्वीकृती संस्थांची यादी सरकारने प्रसिद्ध करावी, अशी तरतूद झाली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने सामान्य विद्यार्थ्यांसाठीही केंद्रीय कर्ज व अनुदानाचा मार्ग खुला केला. ज्या कॉलेजला अधिस्वीकृती नाही, त्याच्या विद्यार्थ्यास हा पैसा नाही. कॉलेजांच्या खासगी संघटनांचा शिक्का आता सरकारी तिजोरीची किल्ली झाला.

१६.
त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, नागरी हक्क कायदा संमत झाला होता. त्यातील सहाव्या प्रकरणाने नियम घातला : केंद्राची आर्थिक मदत घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करता येणार नाही. कॉलेजांना मदत तर हवी होती. न्यायालयांच्या एकेका आदेशाने जे एकेका विद्यापीठात घडत होते, ते आता पैशाच्या अटीमुळे देशभर लागू झाले. माहितीपत्रकातील दुसऱ्या ओळीचा पहिला भाग असा लिहिला गेला. त्यात 'लिंग' हा शब्द नव्हता.

१७.
तो शब्द येण्यामागे एक तळटीप आहे. १९६९ मध्ये बर्निस सँडलर या मेरिलँड विद्यापीठात अर्धवेळ शिकवीत होत्या आणि त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली होती. विभागात जागा निघाल्या, तरी त्यांचा विचार झाला नाही. एका सहकाऱ्याकडून कारण कळले : स्त्रीच्या मानाने त्यांचा स्वभाव फार ठाशीव आहे. सँडलर यांनी कायद्याचा शोध सुरू केला. एका अहवालाच्या तळटिपेत त्यांना अध्यक्षीय आदेशाचा उल्लेख सापडला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्यांनी भेदभाव करू नये, असा तो आदेश होता आणि १९६७ मध्ये त्यात लिंगाचाही समावेश झाला होता. विद्यापीठेही सरकारी कंत्राटे घेतच होती.

१८.
जानेवारी १९७० पासून 'विमेन्स इक्विटी अ‍ॅक्शन लीग' या संघटनेच्या वतीने सँडलर यांनी तक्रारींचा धडाका लावला; एकूण सुमारे २५० संस्थांविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या. त्या उन्हाळ्यात ओरेगॉनच्या प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांनी काँग्रेससमोर सुनावण्या घेतल्या. त्यांतून बाहेर आलेले वास्तव कोणाला गुप्त नव्हते, फक्त एका जागी मांडलेले नव्हते. वैद्यकीय आणि विधी शाळा स्त्रियांसाठी मोजक्याच जागा ठेवीत. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखेने तर पदवीसाठी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देण्यास १९७० मध्ये, तोही न्यायालयीन दाव्यानंतर, सुरुवात केली.

१९.
या कायद्यासाठी झटणाऱ्या हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक यांना स्वतःला डॉक्टर व्हायचे होते. डझनाहून अधिक वैद्यकीय शाळांनी त्यांना नाकारले, तेव्हा त्या विधी शिक्षणाकडे वळल्या. सिनेटमध्ये बर्च बाय यांनी धुरा वाहिली. २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने 'टायटल नाइन' हा कायदा अस्तित्वात आला. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे. त्याला अपवादही जोडले गेले : ज्या धार्मिक संस्थांच्या श्रद्धेशी तो विसंगत ठरेल त्यांना, सैनिकी शाळांना आणि खासगी कॉलेजांच्या पदवीपूर्व प्रवेशांना सूट मिळाली.

२०.
अपंगत्वाचा शब्द यायला आणखी झगडावे लागले. १९६२ च्या शरदात मेरेडिथ मिसिसिपीत पाऊल ठेवीत होते, त्याच सुमारास पोलिओमुळे मानेखालील शरीर लुळे पडलेले एड रॉबर्ट्‌स कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात दाखल झाले. त्यांना रात्री श्वासोच्छ्वासासाठी लागणारे यंत्र मावेल असे वसतिगृह नव्हते. म्हणून ते विद्यापीठाच्या रुग्णालयात राहून शिकले. १९७३ च्या कायद्यातील कलम ५०४ ने अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावास बंदी केली, परंतु नियम चार वर्षे निघाले नाहीत. एप्रिल १९७७ मध्ये ज्युडिथ ह्यूमन आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

२१.
पैशाच्या या तरफेची परीक्षा १९८४ मध्ये झाली. पेनसिल्व्हेनियातील ग्रोव्ह सिटी कॉलेज सरकारकडून थेट पैसा घेत नसे. त्याचे विद्यार्थी केंद्रीय अनुदान घेत. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विद्यार्थ्यांमार्फत आलेला पैसाही मदतच. पण बंधन मात्र ज्या विभागात तो पोहोचतो तेवढ्यापुरतेच. याचा अर्थ, अर्थसाहाय्य विभागात भेदभाव नको, बाकी कॉलेजात चालेल. काँग्रेसने १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून कायदा केला आणि ही पळवाट बुजवली. आता संस्थेच्या एका भागाने मदत घेतली की सारी संस्था बांधील झाली.

२२.
दार उघडले, पण आत सुरक्षितता आहे का? हा प्रश्न प्रथम येल विद्यापीठातील विद्यार्थिनींनी १९७७ मध्ये न्यायालयात नेला. प्राध्यापकाने गुणांच्या बदल्यात लैंगिक मागणी करणे हा केवळ वैयक्तिक गैरवर्तनाचा प्रकार नसून शिक्षणातील लिंगभेद आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन यांचे त्यामागे साहाय्य होते. १९८० मध्ये दावा फेटाळला गेला, पण युक्तिवाद टिकला. येलने तक्रार निवारणाची पद्धत सुरू केली आणि इतर विद्यापीठांनीही तिचे अनुकरण केले. समान प्रवेश आणि सुरक्षितता हे दोन विषय येथे प्रथम एकत्र बांधले गेले.

२३.
तिसरी ओळ एका मृत्यूतून आली. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील लिहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्या खोलीत अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप कुलूप लागणारी इमारतीची तीन दारे कोणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती. मोठ्या भावांच्या विद्यापीठाजवळ एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचे कळल्यावर घरच्यांनी तिच्यासाठी हे शांत दिसणारे, घरापासून फार दूर नसलेले विद्यापीठ निवडले होते.

२४.
आई-वडील हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी यांना नंतर समजले की आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते. विद्यार्थ्यांना आणि पालकांना त्याची कल्पना नव्हती. ते सांगण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने कॉलेजवर घातले नव्हते आणि प्रतिष्ठेच्या काळजीने कोणी आपणहून सांगतही नव्हते. अधिस्वीकृती समितीस ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या ठाऊक असे. वसतिगृहातील बलात्कारांची संख्या ठाऊक नसे.

२५.
क्लेरी दांपत्याने विद्यापीठाशी झालेल्या तडजोडीतून मिळालेला पैसा आवारातील सुरक्षिततेसाठी संस्था उभारण्यात घातला आणि एकेका राज्याच्या विधिमंडळाचे दार ठोठावले. १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा केला. नोव्हेंबर १९९० मध्ये तो सर्व देशाला लागू झाला. १९९८ मध्ये त्यास जीन क्लेरीचे नाव देण्यात आले. केंद्राची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत गेल्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करावी, गुन्ह्यांची नोंदवही ठेवावी आणि धोका चालू असेल तर वेळीच इशारा द्यावा, अशा त्यातील अटी आहेत.

२६.
'वेळीच' म्हणजे केव्हा, याचे भीषण उत्तर १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात मिळाले. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल गेला तो दोन तासांहून अधिक काळाने. त्यानंतर थोड्याच वेळात वर्गांत आणखी ३० जण मारले गेले. मृतांत अभियांत्रिकीचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकण्यास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. पुढच्या वर्षीच्या कायद्याने कॉलेजांवर तातडीच्या सूचनेची यंत्रणा बंधनकारक केली. आज अमेरिकन विद्यार्थ्याच्या मोबाइलवर येणारा धोक्याचा संदेश त्या दोन तासांची आठवण आहे.

२७.
या कायद्यालाही मर्यादा आहेत. आकडे कॉलेजच गोळा करते आणि कमी आकडे दाखविण्यात त्याचे हित असते. शून्य गुन्हे नोंदविणारे आवार खरेच सुरक्षित आहे की तेथे तक्रार करण्याची सोय नाही, हे नुसत्या तक्त्यावरून कळत नाही. शिक्षण खात्याने २०१६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठास सुमारे २४ लाख डॉलर आणि २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठास १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला. दोन्ही ठिकाणी माहिती दडपणे किंवा अपुरी देणे हा मुख्य ठपका होता.

२८.
अधिस्वीकृती संस्थांनी स्वतःहून समानतेचा प्रश्न विचारायला घेतला, तेव्हा वाद उलट दिशेने पेटला. १९९० मध्ये मध्य-अटलांटिक राज्यांच्या मंडळाने न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजची मान्यता लांबणीवर टाकली. प्राध्यापकवर्गात अल्पसंख्याक फार थोडे आणि त्या समाजांतील विद्यार्थ्यांच्या गळतीचे प्रमाण मोठे, ही कारणे होती. फिलाडेल्फियातील वेस्टमिन्स्टर धर्मशास्त्र विद्यालयास त्याच्या नियामक मंडळात स्त्रिया नसल्याबद्दल विचारणा झाली. शिक्षणमंत्री लमार अलेक्झांडर यांनी १९९१ मध्ये खुद्द अधिस्वीकृती मंडळाचीच सरकारी मान्यता अडवून ठेवली. वर्षाअखेर मंडळाने विविधतेचा निकष ऐच्छिक केला.

२९.
हा वाद २०२५ मध्ये नव्या रूपात परतला. फेब्रुवारीत अमेरिकन बार असोसिएशनने विधी शाळांसाठीचा विविधतेचा निकष स्थगित केला. एप्रिलमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी असे निकष लावणाऱ्या अधिस्वीकृती संस्थांविरुद्ध आदेश काढला. जूनमध्ये शिक्षण खात्याने, डॉ. आंबेडकर जेथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठाने ज्यू विद्यार्थ्यांच्या संरक्षणात कसूर करून १९६४ च्या कायद्याचा भंग केल्याचे त्याच्या अधिस्वीकृती मंडळास कळविले. १९६४ चे कलम आणि १८८७ चे मंडळ अशा रीतीने एकाच पत्रात आले. त्याच महिन्यात दक्षिणेकडील सहा राज्यांच्या विद्यापीठ-व्यवस्थांनी स्वतःची वेगळी अधिस्वीकृती संस्था काढण्याची घोषणा केली. त्यांत जॉर्जियाही आहे.

३०.
१९४१ मध्ये याच जॉर्जियात सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध अधिस्वीकृती ढाल म्हणून उभी राहिली होती. आज ती ढाल कोणाच्या हाती असावी, यावर झगडा आहे. तिचा उपयोग स्वायत्तता राखण्यासाठी व्हावा, समान प्रवेश मिळविण्यासाठी व्हावा की सरकारची इच्छा राबविण्यासाठी, याचे उत्तर दर पिढीने वेगळे दिले आहे.

३१.
या सव्वाशे-दीडशे वर्षांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. तपासणी समितीने आपणहून बंद दाराकडे बोट दाखविल्याचे प्रसंग थोडे आहेत. ते काम बाहेर ठेवलेल्या किंवा आत असुरक्षित राहिलेल्या माणसांनी केले : न्यायालयात गेलेले विद्यार्थी, तळटीप वाचणारी अर्धवेळ प्राध्यापिका, कचेरीत ठिय्या देणारी अपंग माणसे, मुलगी गमावलेले आई-बाप. त्यांच्या मागण्या आधी कायद्यात गेल्या, मग पैशाच्या अटीत आणि अखेर माहितीपत्रकात.

३२.
परदेशी कॉलेज निवडताना म्हणूनच या तीन ओळींचा व्यावहारिक उपयोग करावा. अधिस्वीकृती देणारे मंडळ अमेरिकन शिक्षण खात्याच्या यादीत आहे का, ते पाहावे. भेदभावाची तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे करायची, त्याचे पद आणि पत्ता दिलेला आहे का, ते पाहावे. कायद्याने तो द्यावाच लागतो. वार्षिक सुरक्षा अहवाल उघडून तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत आणि सगळीकडे शून्य दिसले, तर विद्यार्थ्यांना विचारावे. जीन क्लेरीच्या आई-वडिलांना हे आकडे कोणी दिले नव्हते. आज ते मागण्याचा हक्क प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला आहे, मग तो बेथलेहेमचा असो वा बारामतीचा.

(समाप्त)